भांडुपच्या आठव्या मजल्यावरची संक्रांत

मुंबईहून परतल्यापासून पोस्टात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "आप्पा, लेकीची पहिली संक्रांत कशी झाली?" मी "झाली चांगली" म्हणतो आणि पाकिटांवर शिक्के मारायला लागतो. खरं सांगायचं तर ती कशी झाली हे माझं मलाच अजून उमगलेलं नाही. म्हणून म्हटलं, जे घडलं ते ओळीनं लिहून काढावं. वाचून कुणाला काही उलगडलं, तर त्यानं मला सांगावं.

आमचं गाव बार्शीच्या पलीकडे. मी गावच्या पोस्टात बसतो आणि थोडी ज्वारी, थोडा हरभरा करतो. ज्येष्ठ महिन्यात माझी बायको सुमन गेली. साधा ताप आला म्हणून दवाखान्यात नेली आणि आठव्या दिवशी घरी आणली ती तशीच. आम्हांला एकच मुलगी, मनीषा. तिला आम्ही मनू म्हणतो. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. मनू सव्वीस पुरी झालेली. भावकी बसली, स्थळं निघाली आणि मार्गशीर्षात भांडुपच्या प्रथमेशशी तिचं लग्न लागलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. घरात तो आणि त्याची आई, शालिनीताई. माणसं मूळची मालवणकडची. प्रथमेशचे वडील गिरणीत होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले.

पहिल्या संक्रांतीला मुलीकडे वाण घेऊन आई जाते. आई नाही, म्हणून मी निघालो. सोबत एक पोतं होतं. त्यात शेतातले हरभऱ्याचे घाटे, ज्वारीची कोवळी कणसं, बोरं, गाजरं, पावटे, वांगी आणि उसाची तीन कांडकी. धोतरात गुंडाळलेली पाच सुगडं वेगळ्या पिशवीत घेतली होती. आमच्या कुंभाराकडची, हाताएवढी मातीची मडकी. पूजेसाठी त्यांतच नव्या पिकाचं सगळं थोडं थोडं भरतात.

भोगी

रात्रभराच्या बसबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की वरच्या फळीवर माझ्या पिशवीशेजारी कुणीतरी लोखंडी पेटी ठेवली होती. हे मला भांडुपला पोहोचल्यावर कळलं. शालिनीताईंनी दारात पाणी ओवाळून टाकलं आणि पिशवी हातात घेतली, तशी ती आतून खुळखुळली. धोतर सोडलं. पाचातली तीन सुगडं फुटली होती.

"ह्यां काय हो व्याही?" त्या म्हणाल्या. खापराचा तुकडा त्यांनी बोटांत धरला होता आणि बघत माझ्याकडे होत्या. "पहिल्याच सणाक?"

"पेटी होती," एवढंच म्हणालो.

"जाऊंदे. खाली बाजारात मिळतत. आत या आधी."

घर आठव्या मजल्यावर. पूर्वी याच जागी त्यांची चाळ होती, म्हणे. एका खिडकीतून हिरवा डोंगर दिसतो, दुसरीतून समोरच्या इमारतीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. आमच्याकडे या दिवसांत पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. अंगात ऊब राहावी म्हणून भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी खायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. इथं पंख्याखाली घाम पुसत ती खायची, म्हणजे कशासाठी, हे मी जावयाला विचारलं. लग्नाच्या गडबडीत त्याच्याशी धड बोलणंही झालं नव्हतं.

"जावईबापू, तुमच्याकडं थंडी पडतच न्हाई का?"

"आप्पा, नुसतं प्रथमेश म्हणा ना. पडते की. परवा सकाळी जरा पडली होती."

मनू स्वयंपाकघरात होती. माझ्या पाया पडली, "प्रवास नीट झाला का?" विचारलं आणि पावटे सोलायला बसली. महिना-दीड महिन्यात वाळल्यासारखी वाटली. की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. तिच्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंच नव्हतं.

शालिनीताईंच्या घरी भाकरी तांदळाची. बाजरीचं पीठ त्यांच्या ओट्यावर पहिल्यांदाच आलेलं. मनूच्या दोन भाकऱ्या थापतानाच फाटल्या. भाजी मात्र तिनं आईसारखी करायला घेतली. वांगं, गाजर, पावटे, घाटे, सगळं एकत्र. मी दारात उभा होतो. सहज म्हणालो, "तुझी आई यात कारळाची चटणी घालायची."

"तिळाचं कूट घालायची," ती मागे न बघता म्हणाली.

"न्हाई गं, कारळं."

"आप्पा, तुम्ही कधी स्वयंपाकघरात आलात? तुम्हाला काय माहीत?"

हे ती अशा आवाजात बोलली, की बाहेर पेपर वाचणाऱ्या प्रथमेशनं मान वर केली. मी बाहेर येऊन बसलो. जेवताना शालिनीताईंनी भाकरीचा तुकडा आधी वास घेऊन पाहिला, मग भाजीत बुडवला. आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

दुपारी चहा झाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"व्याही, उद्या संध्याकाळी हळदीकुंकू ठेवलंय. चाळीस बायकांना सांगून झालंय. सुनेची पहिली संक्रांत. काळी साडी आणलीय, हलव्याचे दागिने घाटकोपरला सांगितलेत. आता ही म्हणते, मी बसणार नाय."

मनू कपबशा उचलत होती. "मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं, आई. माझ्या आईचं वर्ष नाही झालं."

"ता दुखणां तुमच्या घरचां गो. हो आमच्या घरचो सण. तू आता आमची ना?"

"तुमची आहे. पण आई माझीच होती ना?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मग शालिनीताई म्हणाल्या, "तिनं सांगितलंय, आप्पा सांगतील तसं करीन. म्हणून मी थांबलेय. आता तुम्हीच काय ता सांगा."

मला फोनवर कुणी यातलं अक्षरही बोललं नव्हतं. वाण द्यावं, जेवावं आणि तिसऱ्या दिवशी हरभऱ्याला पाणी द्यायला परत जावं, एवढाच माझा बेत. "उद्या सांगतो," म्हणून मी जिन्यात गेलो आणि गावाकडे बहिणीला फोन लावला. आक्का ओरडलीच, "वर्षाच्या आत सण? लोकं तोंडात शेण घालतील!" मग जोशीबुवांना लावला. ते शांतपणे म्हणाले, "लग्न झालं, गोत्र बदललं, आता तिला माहेरचा दुखवटा कसला? खुशाल करा." एका फोनवर नाही, दुसऱ्या फोनवर हो. मी खूप वेळ पायरीवर बसून राहिलो. शेजारचे एक गृहस्थ दोनदा विचारून गेले, "काका, लिफ्ट बंद आहे का?"

संक्रांत

सकाळी समोरच्या दारातून तुपात परतलेल्या काजूचा वास आला. तिथं एक तमिळ जोडपं राहतं. बाईंनी दारात पांढरी रांगोळी काढली होती आणि आत पितळी भांड्याच्या गळ्याला हळदीचं अख्खं रोप, पानांसकट, बांधलं होतं. भांड्यातलं दूध उतू जाऊ लागलं तसे घरातले सगळे आनंदानं ओरडले. आमच्याकडे दूध उतू गेलं की सुमन दिवसभर स्वतःलाच बोल लावायची. बाईंनी आम्हांला वाटीभर गोड भात पाठवला. नवा तांदूळ, मूगडाळ, गूळ. खाऊन मला बरं वाटलं. निदान हे कुणाच्या तरी शेतातून आलंय हे जिभेला कळलं.

मग प्रथमेश मला खालच्या बाजारात घेऊन गेला. पदपथावर सुगडांचे ढीग होते, काळी आणि तांबडी. शेजारी एक बाई छोट्या पिशव्या विकत होती: प्रत्येकीत एक गव्हाची ओंबी, दोन बोरं, गाजराचा तुकडा, उसाचं एक पेर आणि पाच-सहा घाटे.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"सुगडाचं सामान. एका घराला एक पुरतं," ती म्हणाली. "तुम्ही नवीन आहात का?"

आमच्या शेतात वाकलं की मूठभर येतं ते इथं मोजून बांधलेलं. मला हसू यायला हवं होतं, पण त्या ओंबीकडे बघून उगाच वाईट वाटलं. आम्ही तीन सुगडं घेतली. बाईनं विचारलं, "सासरची की माहेरची?" मी म्हणालो, "म्हंजे?" ती म्हणाली, "काही नाही, काका. न्या." यात काय फरक असतो हे मला अजून माहीत नाही.

घरी मनूनं न बोलता पूजा केली. सुगडांना हळदकुंकवाची बोटं ओढली, दोरा गुंडाळला, पोत्यातलं सगळं भरलं. घरच्या देवापुढची पूजा तिला चालत होती, बायकांसमोर नटून बसणं चालत नव्हतं. ही रेघ तिनं कुठं मारली होती ते मी विचारलं नाही. शालिनीताई स्वयंपाकघरातून मधूनमधून मला नजरेनं विचारत होत्या. मी दरवेळी पाण्याचा तांब्या उचलायचो.

"दागिने आणायला घाटकोपरला येताय?" प्रथमेशनं विचारलं, तेव्हा मी चपला आधीच घातल्या होत्या.

हलव्याचे दागिने करणारी बाई मराठी असेल असं मला वाटलं होतं. निघाल्या हंसाबेन. वय सत्तरीचं, पांढरा गुजराती पदर. लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारी मराठी होते, त्यांच्याकडून शिकल्या. आता शेजारी गेले आणि दागिने राहिले. साखरेचे पांढरे काटेरी दाणे दोऱ्यात ओवून केलेला मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, हार, बांगड्या असं सगळं एका खोक्यात कापसावर ठेवलेलं. आमच्या गावात या दागिन्यांचा एक जुना संच घरोघरी फिरतो. इतके नाजूक मी पाहिले नव्हते.

"सूनबाईची आई नाय आली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांचे हात थांबले. "अरे राम. मग तर हे घालायलाच पाहिजे. आमच्यात काय असते, भाई, सगेवाले येतात आणि शोक तोडतात. गोड खिलवतात. कोणी तोडला नाय, तर शोक घरातच बसून राहते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पोरगीचं मन नसेल तर जबरदस्ती पण नाय करायची हं."

आता हे हो झालं की नाही? मी मान डोलावली.

त्यांनी आम्हांला गच्चीवर पाठवलं. तिथं अख्खी इमारत होती. टेबलावर उंधियूचं पातेलं, जिलेब्या, चिक्की. कर्ण्यातून गाणी आणि आकाशात पतंगच पतंग. कुणाचा कापला की चारी बाजूंच्या गच्च्यांवरून "लपेट! लपेट!" अशी आरोळी. एकानं माझ्या हातात मांजा दिला. गावात मी पतंग उडवायचो ते नागपंचमीला; संक्रांतीला नाही. ढील द्यायची तिथं ओढला, आणि दोरा माझ्या तर्जनीतून सर्रकन गेला. रक्त आलं. प्रथमेशनं मला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं, रुमाल फाडून बोट बांधलं. बांधताना तो बोलला ते खाली बघूनच.

"आप्पा, बाबा होते तेव्हा आमच्याकडे हळदीकुंकवाला जिन्यापर्यंत रांग लागायची. चाळीत सगळ्यात मोठं आईचं. बाबा गेले आणि दुसऱ्या वर्षीपासून एक बाई दारात आली नाही. तिला कुणी बोलावलं पण नाही. जानेवारी आला की संध्याकाळी ती दार लावून घेते आणि टीव्ही मोठ्ठा करते. बाहेरच्या पैंजणांचा, हसण्याचा आवाज येऊ नये म्हणून. ती हे कधी बोलणार नाही. पण सून आली की घरात परत हळदीकुंकू होईल, हेच तिच्या डोक्यात होतं."

मी म्हणालो, "मनूला सांगितलंत?"

"ती माझ्याशी अजून नीट बोलतच नाही. विचारलं तर 'ठीक आहे' म्हणते. मी काय करू, आप्पा?"

आतापर्यंत त्या घरातली दोन माणसं माझ्याकडे उत्तर मागत होती. आता तिसरं झालं. मी बांधलेल्या बोटाकडे बघत राहिलो. माझ्या जागी सुमन असती तर ती काय म्हणाली असती, हे आठवायचा प्रयत्न केला आणि लक्षात आलं, की असं काही ती मला विचारून ठरवतच नसे. ती ठरवायची आणि मला सांगायची. एकतीस वर्षं मला वाटत होतं की घर मी चालवतो.

परत आलो तेव्हा तीन वाजले होते. मनू इमारतीच्या गच्चीवर सतरंज्या झटकत होती. मी वर गेलो. डोंगराच्या बाजूनं ऊन आलं होतं.

"काय ठरवलंत?" तिनं विचारलं.

"तू माझ्यावर का टाकलंस?"

"कारण लग्नाचं तुम्हीच ठरवलंत ना. मग हेही ठरवा." तिनं सतरंजी खाली टाकली. "आई जाऊन चौदावा दिवस होता, आप्पा. पाहुणे अजून गेले नव्हते. तुम्ही आणि काका बाहेर बसून माझ्यासाठी स्थळं मोजत होतात. मी आत आईच्या साड्यांच्या घड्या घालत होते. मला एकानं विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

मी कठड्याला टेकलो. वाटलं, रीत सांगावी, भावकीचं सांगावं, तिचं वय सांगावं. सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"मी भ्यालो होतो," मी म्हणालो. "घरात तू आणि मी दोघंच राहिलो. तुझ्याशी काय बोलायचं हे मला कळत नव्हतं. आई मधी असायची. मला वाटलं, तीन वर्षं हे असंच चाललं तर तू घरात कोमेजशील. मला काही ठाऊक नव्हतं, मनू. पण ठाऊक असल्यासारखं केलं."

ती खाली पडलेल्या सतरंजीची घडी घालू लागली.

"आताही ठाऊक न्हाई. आक्का नको म्हणती, जोशीबुवा हो म्हणतात. या बारीला मी ठाऊक असल्यासारखं करणार न्हाई. तू ठरव. तुझ्या सासूला काय सांगायचं ते मी सांगतो, पण ठरव तू."

मग प्रथमेशनं सांगितलेलं टीव्हीचं तिला सांगितलं. ती बराच वेळ समोरच्या गच्चीवरचे पतंग बघत होती. डोळ्यांत पाणी होतं. ते कुणासाठी हे मला विचारता आलं नाही. शेवटी तिनं सतरंज्या उचलल्या. "ह्या खाली घ्यायला मदत करा. बायका सहाला येतील."

सहाला बायका आल्या. पुरुषमाणसानं बाहेर जायचं असतं, पण मला त्या गर्दीतून दारापर्यंत जाताच येईना, म्हणून स्वयंपाकघरात अडकलो. शालिनीताईंनी वाण म्हणून वाटायला प्लास्टिकचे झाकणाचे डबे आणले होते. मनू म्हणाली, "रिकामे नको," म्हणून मी पोत्यातले हिरवे घाटे प्रत्येक डब्यात भरत बसलो. बाहेरून आवाज आला, "अय्या, हे कसे खायचे गं?" आणि मनूचा आवाज, "सोलून. आमच्या शेतातले आहेत."

तिनं काळी साडी नेसली होती. दागिने मात्र घातले नव्हते; तिचं खोकं तसंच कपाटावर होतं. प्रथमेशला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा गळ्यात त्याच्या वाटचा हलव्याचा हार घालून, हातात सजवलेला नारळ धरून, एकटाच खुर्चीत बसला होता. बायका त्याचे फोटो काढत होत्या.

मग जे झालं ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. मनूनं हळदीकुंकवाचा करंडा उचलला आणि रांगेतल्या पहिल्या बाईला ओलांडून थेट कोपऱ्यात गेली. तिथं शालिनीताई भिंतीला लागून उभ्या होत्या. मनूनं बोट हळदीत बुडवलं.

शालिनीताई मागे सरल्या. "अगो, काय करतंस? माका नको. ह्या बायकांना लाव."

"आधी तुम्हाला. नाहीतर मी कुणालाच लावणार नाही."

शालिनीताईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हळद लाव. कुंकू नको. इतक्यात नको."

मनूनं हळद लावली. कुंकवाकडे हात नेला नाही.

पुढे बसलेली एक बाई उठली. बहुतेक शालिनीताईंची जुनी शेजारीण असावी. "मला जरा घरी काम आहे," म्हणाली आणि डबा न घेताच गेली. शालिनीताई तिच्या पाठमोऱ्या पदराकडे बघत राहिल्या. दुसरी एक तरुण बाई इकडेतिकडे बघत म्हणाली, "काकी, माझ्या नणंदेला बोलावू का? ती खाली तिसऱ्या मजल्यावर एकटीच बसलीय. तिचेही मिस्टर..." वाक्य पुरं न करताच ती लिफ्टकडे पळाली. थोड्या वेळानं एक तिशीची बाई तिच्यामागून आली, दारातच घुटमळली, आणि मग बसली.

बायका जाईपर्यंत माझ्याकडे भरायला डबे उरले नव्हते. शालिनीताई आत आल्या, माझ्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाल्या. मी उलट काही म्हणायचं विसरून गेलो. त्यांच्या कपाळावरच्या हळदीकडे बघत होतो; मला वाटलं त्या रागावल्या आहेत. मग वाटलं, नाही.

किंक्रांत

मला सकाळच्या बसनं निघायचं होतं. शालिनीताईंनी पिशवी हातातून काढून घेतली. "करीच्या दिवशी कोण प्रवास करता? आज कायव चांगलां काम करूचां नसता." म्हणजे दिवसभर बसून राहायचं. मनू आणि प्रथमेश कामावर जायला निघाले. तिला तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात नुकतीच नोकरी लागली होती. दारात प्रथमेश तिला म्हणाला, "कालचा माझा फोटो चाळीस ग्रुपवर गेलाय. पूर्ण वाट लागली." लिफ्टचं दार बंद होताना मला तिच्या हसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला. आला की नाही, शपथेवर सांगता येणार नाही.

मी आणि विहीणबाई समोरासमोर चहा घेत बसलो. पंखा फिरत होता. त्या म्हणाल्या, "काल गेली ना ती, ती माझी तीस वर्षांची शेजारीण. हे गेले तेव्हा दहा दिवस तिच्या घरचं जेवण येत होतं. आज सकाळी जिन्यात भेटली, बोलली नाय."

"बोलतील," मी म्हणालो.

"माहीत नाय." त्यांनी कपाळाला हात लावला. हळद तेव्हा धुतली गेलेली होती. "रात्री मी विचार करत होते. झालं ते बरां झालां की वायट, माका कळत नाय, व्याही. तुम्हांला कळतं?"

"मलाही न्हाई, ताई."

त्या हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच. "मग जेवा तरी. आज मासे करते. तुम्ही खाता ना?" मी आयुष्यात मासे खाल्ले नव्हते. खातो म्हणालो. दोन काटे घशात अडकले आणि भाताचे गोळे गिळून ते खाली लोटले. चव मात्र वाईट नव्हती.

निघताना

दुसऱ्या दिवशी मनू मला मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत सोडायला आली. बस यायला उशीर होता. गाड्यांच्या आवाजात बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागत होतं. जी गोष्ट तीन दिवस विचारायची होती ती मला ओरडून विचारावी लागली.

"मनू, तू इथं सुखी आहेस का?"

शेजारी उभे असलेले दोघेजण वळून बघू लागले. मनूनं पदरानं चेहरा पुसला.

"ठाऊक नाही, आप्पा," ती म्हणाली. "अजून कळत नाही. तुमच्यावरचा राग पण गेलेला नाही." बस दिसली तशी तिनं माझी पिशवी उचलली, पायरीवर ठेवली. "पण विचारत जा. मी शिकायला वसतिगृहात होते तेव्हा आई दर रविवारी फोन करायची. तुम्ही कधी केला नाहीत. आता करत जा."

येऊन वीस-बावीस दिवस झाले. हरभरा काढणीला आलाय. तीन रविवार मी फोन केला. पहिल्या रविवारी तीच गोष्ट विचारली, ती म्हणाली, "ठाऊक नाही." दुसऱ्या रविवारी "बरी आहे" म्हणाली आणि तुम्ही जेवलात का विचारलं. काल केला तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मागून शालिनीताईंचा आवाज आला, "अगो, करपली बघ भाजी!" मनू म्हणाली, "आप्पा, नंतर करते," आणि फोन कट न करताच तो तिनं कुठंतरी ठेवून दिला.

मी बराच वेळ कानाला लावून बसलो होतो. आत भांडी वाजत होती, आणि कूट घालायचं की नाही यावरून दोघी मोठमोठ्यानं वाद घालत होत्या.